छबूचं अक्षर

“आता गप्प बसा सिंधूताई. वाचून दाखवते.”

“कशाला? पुढं लिही की. वेळ चाललाय.”

“जाऊ दे वेळ. तुम्ही काय बोललात आणि मी काय लिहिलं, ते एकदा कानांनी ऐका. उद्या तुमचे मार्क गेले तर बागवानाच्या पोरीनं वाट लावली म्हणून अख्खी गल्ली माझ्या नावानं खडे फोडेल.”

आणि परवीन वाचायला लागली. मी सांगितलं होतं, ‘चौरीचौरा येथील हिंसाचारामुळे असहकार चळवळ स्थगित करण्यात आली.’ तिनं लिहिलं होतं, ‘चौरीचौऱ्यामुळे चळवळ बंद.’

“अगं भवाने, बाकीचं कुठं गेलं?”

“हात दुखला. म्हटलं अर्थ तर तोच आहे.”

“अर्थाला कोण मार्क देतंय? वाक्य लिही, वाक्य.”

“मग सावकाश सांगा ना! एक्स्प्रेस गाडीसारखं काय सुटता?”

आमच्यात हे रोज चालायचं. दहावीचा पेपर तोंडावर आलेला, मी करमाळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात पोत्यावर मांडी घालून बसलेली, समोर परवीन. तिचे रोजे चालू होते. घसा कोरडा पडलेला, आवाज चिरका झालेला, पण प्रत्येक पान लिहून झालं की ती मला वाचून दाखवल्याशिवाय सोडायची नाही. मला सुरुवातीला तिचा रागच यायचा. चार-सहा दिवसांनी मीच म्हणायला लागले, “परवीन, वाच.”

मी पाच वर्षांची असताना गोवरात माझे डोळे गेले. सातवीपर्यंत सोलापूरच्या अंधशाळेत होते, तिथं ब्रेल शिकले. मग घरी येऊन गावच्या हायस्कुलात बसायला लागले. पोतदार बाईंनी धडे कॅसेटवर बोलून दिले होते, ते मी टेपवर इतके वेळा ऐकले की कुठल्या वाक्यानंतर बाई खोकल्या तेही मला पाठ होतं. पण बोर्डाचा पेपर ब्रेलमध्ये चालत नाही. आपण तोंडानं सांगायचं आणि लेखनिकानं कागदावर लिहायचं. तो लेखनिक आपल्यापेक्षा एक इयत्ता खालचा पाहिजे, असा नियम. म्हणजे दहावीच्या पोरीचं नशीब नववीच्या पोरीच्या हातात. आता मी बँकेत नोकरी करते, संगणक मला सगळं बोलून दाखवतो, मी त्याला दोनदा-तीनदा तेच वाचायला लावते आणि तो तक्रार करत नाही. तेव्हा परवीन होती, आणि ती भरपूर तक्रार करायची.

हा माझा दुसरा प्रयत्न होता. आदल्या वर्षी मी नापास झाले होते. साधी नाही, दणकून. इतिहास-भूगोल, विज्ञान, हिंदी, इंग्रजी, मराठीसुद्धा, सगळ्यात आपटले आणि पास झाले ती फक्त गणितात! पोतदार बाईंचा तर विश्वासच बसेना. म्हणाल्या, “पाठांतर हा जिचा हातचा मळ, ती पाठांतराच्या विषयांत जाते आणि गणितात पास होते? काहीतरी घोटाळा आहे.” त्यांनी गुणपडताळणीचा अर्ज करायला लावला. उत्तर आलं, बेरीज बरोबर आहे.

मग आप्पांनी निकाल दिला. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, माणूस कमी बोलणारा. ते आईला म्हणाले, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “तिला झेपत नाही. घरात बडबडणं निराळं आणि परीक्षा निराळी. अजून एकदा बसू दे, मन नको मोडायला. पण एकदाच. यंदा गेली तर टेप आणि पुस्तकं गुंडाळून ठेवायची. पुण्याचं नाव परत घरात काढायचं नाही.”

पुण्याला अंध मुलींचं वसतिगृह होतं. दहावी पास झाले की तिथं राहून कॉलेज, पुढं नोकरी. नापास झाले की हाच सोपा, आणि काकूच्या हाताखाली शेंगा फोडणं. काकू म्हणायचीच, “शेंगा फोडाय डोळं कशाला लागत्यात?”

काकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. चुलते ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवायचे. काकू आणि तिची लेक छबू आमच्यातच राहायच्या. छबू माझ्याहून वर्षानं लहान, पण सोलापूरचे दिवस सोडले तर आम्ही एका ताटात जेवून वाढलो. मला विहिरीवर नेणारी छबू, शाळेत हात धरून नेणारी छबू, कुणी ‘आंधळी कोशिंबीर’ म्हणून चिडवलं तर त्याच्या पाठीत धपाटा घालणारी छबूच. आदल्या वर्षी माझी लेखनिक तीच होती. तेव्हा ती नववीत, नियमात बसत होती. आणि तिचं अक्षर! मी काही पाहिलेलं नाही, पण शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला छबू, लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला छबू, गणपतीच्या पावत्यांवर छबू. ‘मोत्यासारखं’ याशिवाय दुसरा शब्द मी तिच्या अक्षराबद्दल ऐकला नाही. घरातली पोर, त्यात असं अक्षर, मग बाहेरचं माणूस कोण शोधणार?

यंदा छबू स्वतःच दहावीला होती, म्हणून परवीन आणावी लागली. काकूला ते पसंत नव्हतं. परवीन निघून गेली की ती कागद उचलून बघायची.

“कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत अक्षर हाय. तपासणाऱ्याला डोळं फुटतील.”

“मग आम्ही दोघं एकाच बाकावर बसू, मी आणि तपासणारा,” मी म्हणायचे. छबू खो-खो हसायची. आई म्हणायची, “पुरे गं तुझं तोंड.”

अभ्यासाला आम्ही दोघी एकत्रच बसायचो. टेप चालू, मी मोठ्यानं म्हणणार, छबू शेजारी ऐकणार. ती पुस्तक उघडून बसते असं मला पानांच्या आवाजावरून कळायचं. तिचं पाठांतरही छान होतं, माझं एखादं वाक्य अडलं तर ती पुढचं पुरवायची. मला वाटायचं, ही माझ्याहून जास्त मार्क घेणार.

बाकीची तयारी माझी मीच चालवली होती. परवीनच्या हाताला किती वेगानं सांगितलेलं झेपतं ते मी तिच्या पेनाच्या आवाजावर मोजायला शिकले. तिचं पेन कागदावर कचकचा वाजायचं, अडायचं, ती “काय म्हणालात?” विचारायची, मग परत कचकच. एक वाक्य सांगायचं, थांबायचं, पेन थांबलं की पुढचं. प्रश्न सोडवायचा क्रम ठरवला. आईनं दोन पेनं, पॅड आणि बोर्डाचं परवानगीचं पत्र एका पिशवीत घालून खुंटीला लावलं होतं आणि त्या पिशवीला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. आदल्या वर्षी छबूचा घसा ऐन परीक्षेत बसला होता, म्हणून यंदा खडीसाखरही टाकली होती. तेव्हा रोज पेपरला गेलं की छबू घोगऱ्या आवाजात म्हणायची, “बाई, प्रश्न तुम्हीच वाचता का? माझा आवाज फुटत नाही.” आणि पर्यवेक्षक बाई बिचाऱ्या वाचून दाखवायच्या.

पेपर चार दिवसांवर असताना ईद आली. परवीन त्या दिवशी येणार नव्हती. दुपारी आई दळण घेऊन गिरणीत गेली, काकू माळवदावर कुरडया घालत होती, छबू तिथं कावळे हाकलत होती. तिचा ‘हाऽऽड’ चार गल्ल्यांना ऐकू जात होता. मला करमेना. एक दिवस रिकामा गेला की मला वाटायचं सगळं पाठांतर कानांतून गळून चाललंय.

“छबेऽ! खाली ये. तासभर बस माझ्यासमोर, एक प्रश्न लिही.”

“मला माझा अभ्यास नाही का?”

“तुझा अभ्यास म्हणजे माझं ऐकणं. चल, आगाऊपणा करू नकोस.”

ती आली. तिनं इतिहासाचं पुस्तक उघडून समोर ठेवलं, मी शेवटचा मोठा प्रश्न घेतला आणि सांगायला सुरुवात केली. आणि काय सांगू, जीव सुखावला! छबूचं पेन गुळगुळीत चालत होतं. कचकच नाही, अडणं नाही, “काय म्हणालात” नाही. मी वेग वाढवला, पेनही तसंच सरसर. मनात म्हटलं, परवीनला आणून दाखवलं पाहिजे, लिहिणं याला म्हणतात. उत्तर संपलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

“हं, वाच.”

“अं?”

“वाचून दाखव.”

“घसा बसलाय माझा.”

“आत्ता तर माळवदावर बोंबलत होतीस!”

मग ती वाचायला लागली. धाड धाड धाड, कुठं अडखळणं नाही. परवीनला स्वतःचंच अक्षर लागायचं नाही, ती ‘हे काय लिहिलंय बाई मी’ म्हणत वाचायची. छबूचं कसं, पाण्यासारखं. पण दोन वाक्यं मागेपुढे झाली होती. एक शब्द मी वापरलेला नव्हताच, तो पोतदार बाईंचा होता, कॅसेटमधला.

“थांब. मधलीच एक ओळ वाच. वरून तिसरी.”

कागद उलटल्याचा आवाज आला.

“तिसऱ्या ओळीतला पहिला शब्द सांग.”

वर काकू कावळ्याला शिव्या देत होती. छबूनं पेनाला टोपण लावलं.

“छबे, काय लिहिलंयस तू या कागदावर?”

“प्रश्न.”

“कुठला प्रश्न?”

“पुस्तकातला. तोच परत परत उतरवलाय.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “चांगल्या अक्षरात.”

मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

“आणि गेल्या वर्षी?”

“प्रश्नपत्रिका.”

“सगळ्या विषयांना?”

“गणिताला नाही! आकडे मला येतात, सिंधे. गणिताला तू सांगितलंस ते सगळं लिहिलं मी, आईच्यान.”

ती रडायला लागली आणि बोलायलाही लागली, दोन्ही एकदम. तिला सुटं अक्षर कळायचं. शब्द झाला, जोडाक्षर आलं की गाडं अडायचं. फळ्यावरचं बघून मात्र ती हुबेहूब काढायची, रांगोळीची कणी सोडावी तसं. बाई वही बघायच्या, म्हणायच्या काय सुंदर, आणि वर्गाला दाखवायच्या. वाच असं कुणी म्हणायचं नाही. म्हटलंच तर धडा तिला माझ्या टेपमुळं पाठच असायचा. परीक्षेत पुढच्या पोरीचं बघून उतरवायची. नववीपर्यंत अशी ढकलत ढकलत आली होती.

“मग लेखनिक व्हायला हो का म्हणालीस? माझं वर्ष खाल्लंस तू! वर्षभर ऐकून घेतलंय मी, झेपत नाही, झेपत नाही!”

“मी कुठं हो म्हणाले? आई म्हणाली, आप्पा म्हणाले, तू स्वतः म्हणालीस, छबूचं अक्षर चांगलंय. मला विचारलं का कुणी? आणि तू तरी कधी म्हणालीस का वाच म्हणून? तू विचारायचीस, लिहिलंस? मी म्हणायचे, हो.”

“घरच्या माणसाला काय वाच म्हणायचं?”

“तेच की.”

मला इतका राग आला होता की मी हात उगारला. पण तिचं तोंड नेमकं कुठं आहे ते कळेना, रडताना ती वाकली होती बहुतेक. हात हवेतच राहिला. तिनं तो धरला आणि आपल्या गालावर टेकवला. “हितं हाय, मार,” ती म्हणाली. गाल ओला होता. मला मारता आलं नाही आणि मिठीही मारता आली नाही.

“मी आप्पांना सांगणार आहे,” मी म्हटलं.

“सांग.”

दिवे लागायच्या वेळेला आप्पा आले. साबणानं हातावरचं ग्रीस घासायचा आवाज थांबला, आईनं चहा दिला, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते छबूवर ओरडतील. ते माझ्यावर ओरडले नाहीत एवढंच.

“सिंधे,” ते म्हणाले, “नापास झालीस, झालीस. तुला कुणी काही बोललंय का? पण आपलं खापर घरच्या पोरीच्या डोक्यावर नको फोडूस.”

“आप्पा, खरंच सांगते, तिला वाचता येत नाही!”

“नववी पास झालेल्या पोरीला वाचता येत नाही? आणि गावाच्या पत्रिका कोण लिहितं?”

काकू तर उसळलीच. “तुझं डोळं गेलं म्हणून माझ्या पोरीला अडाणी ठरिवतीस व्हय गं? चार दिवसांवर तिचा पेपर आलाय, आन् आता हे कुभांड!”

आईनं चहाचे कप गोळा केले. तिचंही मत तेच असणार, नाहीतर ती बोलली असती. मला कधी नव्हे ते खरोखर आंधळं वाटलं. तोंड आहे, शब्द आहेत, पण चार माणसांच्या घरात माझ्या शब्दाची किंमत शून्य. मी उठून आत निघाले.

“आप्पा, तो पेपर द्या,” छबू म्हणाली.

ती दारात उभी होती. आप्पांच्या बाजूला पडलेल्या वर्तमानपत्राचा कागद वाजला.

“क… करमा… करमाळा,” छबू वाचायला लागली. “ता… ताल… तालु…”

“अगं, नीट वाच की! काय थट्टा लावलीस?” काकू म्हणाली.

“थट्टा नाही आई. तालु… क… तालुक…”

“छबे, पुरे गं बाई,” माझी आई म्हणाली.

“नको मोठ्याई, थांबवू नका.” आणि ती वाचत राहिली. पाणीटंचाईची बातमी होती, साधं एक शीर्षक. चुलीवर आईनं ठेवलेलं आधण उकळायला लागलं तरी छबू त्याच ओळीवर होती. तिनं एकही शब्द अंदाजानं मारला नाही, एकदाही घसा बसलाय म्हणाली नाही. जे येत होतं ते आणि जे येत नव्हतं ते, सगळं मोठ्यानं वाचलं. ओळ संपल्यावर तिनं पेपर घडी करून आप्पांच्या हातात दिला.

“सिंधी खरं बोलती,” ती म्हणाली. “तिनं सगळी उत्तरं सांगितली होती. मला पाठ आहेत अजून. मीच लिहिली नाहीत.”

काकू मटकन खाली बसली. तिचा बांगड्यांचा हात जमिनीवर आपटलेला मला ऐकू आला. “आता दहावीला कशी बसशील गं तू?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“बसणारच नाही.”

आईनं आधण उतरवलं. मग आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. माफी वगैरे मागणाऱ्यातला तो माणूस नव्हता, आणि मला ती नकोही होती. मला फक्त ते शब्द परत घेतलेले हवे होते.

“ती बागवानाची पोर,” ते म्हणाले, “यायला-जायला चालत येते का?”

“हो.”

“उद्यापासून दुकानातली लेडीज सायकल न्यायला सांग तिला. पेपर संपेस्तोवर.” आणि उठता उठता म्हणाले, “तुला झेपतं. मला कळलं नाही.”

त्या रात्री मी छबूशी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. परवीन डब्यात शीरखुर्मा घेऊन आली, तेव्हा मी तो छबूसाठी वाटीत काढून ठेवला. एवढंच.

मराठीच्या पेपरला छबूनंच माझा हात धरून मला केंद्रावर नेलं. स्वतःचं हॉलतिकीट तिनं घरीच ठेवलं होतं. आत परवीननं प्रश्न वाचले, मी एक वाक्य सांगायचे आणि थांबायचे, पान भरलं की म्हणायचे, “वाच.” पर्यवेक्षक बाई कंटाळल्या. म्हणाल्या, “अगं, विश्वास ठेव की तिच्यावर.” परवीनच म्हणाली, “ठेवतात बाई, म्हणून तर ऐकतात.” वेळ इतका गेला की शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. पण जे लिहिलं ते सगळं माझं होतं.

मी पास झाले. पहिला वर्ग थोडक्यात हुकला आणि पोतदार बाई हळहळल्या, पण पुण्याला प्रवेश मिळाला. त्याआधीचे एप्रिल आणि मे असे गेले की सकाळी सोप्यात छबू पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायची. आता वाचायचं तिनं आणि ऐकायचं मी. मला पुस्तक दिसत नव्हतं, पण सगळे धडे पाठ, त्यामुळं तिनं एक काना जरी गाळला तरी मला कळायचं. पण ते धडे तिलाही पाठ होते, म्हणून तिला पाठ नसलेलं काहीतरी हवं होतं. मग आम्ही पोतदार बाईंनी कधीच कॅसेटवर न घेतलेली कुणाकुणाची पुस्तकं आणली. त्यात ती रडायची, चिडायची, मला मास्तरीण म्हणायची. मी म्हणायचे, “रड, पण मोठ्यानं वाच.”

पुण्याला जायचा दिवस आला. एसटी स्टँडवर आप्पा ट्रंक घेऊन पुढं गेले, मी आणि छबू फलाटावर. गाडी लागली, लोक धावले, पिशव्या अंगावर आदळायला लागल्या. कुणालाही विचारलं असतं तरी कुठली गाडी ते सांगितलं असतं. मी छबूला विचारलं.

“पाटी काय आहे गं?”

“थांब,” ती म्हणाली. “स्… स्वा… र… गे… स्वारगेट.”

मी पायरीवरचा दांडा धरला होता. मागून एक बाई मला ढकलत होती. कंडक्टर ओरडला, “चला, चला, पुणं!” आप्पा आतून ओरडले, “अगं चढा की, जागा जाईल!”

“खाली अजून आहे,” छबू म्हणाली. “मा… मार्… मार्गे…”

मागच्या बाईनं मला कोपर मारलं. मी दांडा सोडला नाही आणि पाऊलही उचललं नाही.

“भि… ग… व… भिगवण,” छबूनं वाचलं.

मग मी चढले.